तपासणीच्या दिवशी यमू घरी

ठाकूरद्वार, मंगळवार, माघ शके १८१६

आज इन्स्पेक्टरसाहेब शाळा तपासून गेले. मुलं नापास झाली की सरकार ग्रँट कापतं, म्हणून मास्तरांनी कालच बजावलं, "यमूला उद्या घरी ठेवा." आमची यमू दहा वर्षांची, अजून 'ग' वर अडते. साहेब पाट्या बघणार हे ऐकून ती सकाळीच पाटी धुऊन दारात बसली. संध्याकाळी मी साहेबांना रस्त्यात गाठून विचारलं, "मंदबुद्धीच्या मुलांना शिकवायची सोय सरकार कधी करणार?" साहेब म्हणाले, "इतक्या शाळा तपासल्या, असं मूल एकही दिसलं नाही."

दिसेल कसं? डोकं आपटून घ्यावं कुठं?

यमू अजून दारातच आहे. पाटी पुन्हा धुतली. विचारते, "साहेब येणार ना?"