मोरितांच्या आईचं उत्तर

नोव्हाय, मिशिगन

ती. आई,

इथूनच वाकून नमस्कार. आम्ही बरे आहोत. तुझ्या नातवाला, अनीशला, जरा सर्दी आहे, लगेच काढा सुचवू नकोस.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या मोरितांची आई जपानात वारली. परवा ते परत आले. सांगत होते, तिकडे वर्तमानपत्रवाले घरी फोन करून विचारतात, अमेरिकेवर विश्वास आहे का, तिथला अध्यक्ष आवडतो का. म्हातारी टीव्हीपुढे बसून त्याच्या नावानं बोटं मोडायची, पण फोनवर दर वेळी म्हणायची, "हो, फार आवडतो." नाही म्हटलं तर इकडे मुलाचा व्हिसा अडेल, अशी तिला भीती. मोरितांना हे आत्ता, तिच्या अंत्यविधीला, बहिणीकडून कळलं.

मला आधी हसू आलं. मग तू आठवलीस. माझं ग्रीन कार्ड रखडल्यापासून तूही फोनवर म्हणतेस, "छान देश आहे गं, सुखानं राहा."

गुडघा खरंच बरा आहे का? रात्री सोबतीला कोण असतं?

पत्र कुणी चोरून वाचत नाही, आई. परत ये म्हणायचं असेल, तर लिहून पाठव.

तुझीच,
आश्लेषा