कापसाचा परिच्छेद

बाबा,

एका मासिकाने माझ्याकडे लेख मागितला आहे. विषय माझाच, गॅमा किरणांचे स्फोट. डोळ्यांना न दिसणारा उजेड आकाशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून काही क्षण येतो आणि मग त्या जागी पुन्हा काही नाही. तो उजेड तयार होतो तरी कसा, याबद्दल आम्ही लोकांनी आजवर बांधलेले तर्क. पंधरा दिवस झाले, लेख पहिल्या परिच्छेदावर बसून आहे, म्हणून तुम्हाला लिहिते. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हा उत्तर आलं नाही तर या खेपेला टपालखात्यावर रागावता येणार नाही.

मला सारखी ती दिवाळीची सुट्टी आठवते. नालवाडीचं आपलं स्वयंपाकघर, आई चुलीपाशी, मी पाटावर, आणि तुम्ही नुकतेच वडनेरहून काकांच्या वावरातून आलेले. अंगावरचा सदरा शाळेचाच, खिशात मात्र दोन-तीन कापसाची बोंडं. शिक्षकांच्या खोलीत तुमची थट्टा चालायची की गुरुजींचं संस्कृत काशीचं आणि मराठी वडनेरचं. तुम्हाला ते भूषण वाटायचं. कुणब्याच्या पोराने पाणिनी शिकवावा हे ज्यांना खपत नसे, त्यांच्यासमोर तर तुम्ही मुद्दाम जास्त वऱ्हाडी बोलायचात.

बशीत चहा ओतत तुम्ही विचारलं की मी मुंबईच्या त्या संस्थेत नेमकं करते काय. मी सांगू लागले. कुणी चोरून अणुबॉम्ब फोडतो का, हे बघायला अमेरिकेने उपग्रह सोडले होते. बॉम्ब राहिला बाजूला, त्यांना आकाशातूनच हे झोत सापडले. तुम्ही म्हणालात, चोर धराले बसले अन् देव घावला म्हन. मग मी म्हटलं की मराठीत आम्ही त्याला स्फोट म्हणतो, आणि तुमची बशी ओठांपाशीच थांबली.

स्फोट हा तुमचा शब्द होता. दहावीच्या पोरांना काही कळो न कळो, दरवर्षी एक तास तुम्ही त्यावर घालवायचात. अक्षरं एकेक करून येतात आणि विरतात, पण अर्थ एकदम, सबंध उमटतो, तो स्फोट. ध्वनी फक्त त्याला बाहेर आणतो. मी ते तुमच्याकडूनच शिकले होते, आणि भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यावर सोयीस्करपणे विसरले होते.

“स्फोट म्हंजे फुटनं नाई व बाई, उमजनं,” तुम्ही म्हणालात, आणि खिशातलं एक बोंड काढून माझ्या हातात दिलं. “हे फुटलं तवा कापूस तयार झाला का? तो आंदीच आत होता. तुया ताऱ्यातला उजेड तवाच तयार होते, का आतच दबून राह्यते?”

मी म्हटलं, बाबा, ते व्याकरण आहे आणि हे भौतिकशास्त्र.

“धातू तं एकच हाय नं, स्फुट्,” तुम्ही म्हणालात. आई हसली. मी हसले नाही, कारण संस्थेत शिकलेल्या माणसाने घरच्या विनोदाला हसायचं नसतं असं मला तेव्हा वाटे.

मी उलट तुम्हाला माझा तर्क ऐकवला. सबंध सूर्याइतकं द्रव्य एखाद्या तालुक्याएवढ्या गोळ्यात कोंबलेला मेलेला तारा, त्याच्यावर एखादा धूमकेतू आदळतो, आणि त्या धडकेच्या तापाने गॅमा किरण निघतात. त्या काळी जितके स्फोट सापडले होते त्याहून जास्त तर्क होते, असं आम्ही आपसात गमतीने म्हणत असू. कुणी म्हणे ताऱ्याचं कवच तडकतं, कुणी म्हणे त्याच्यावर साचलेलं द्रव्य एका दमात पेटतं. माझा धूमकेतू मला सगळ्यांत देखणा वाटायचा. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत की तो तारा किती दूर आहे. मी म्हटलं, जवळच असणार. मोजलं का? नाही. मग गावात कोणी ओरडलं तर आधी कुठून ओरडला ते पाहावं लागतं, नाही तर आवाज मोठा की लहान ते कसं ठरवणार, असं तुम्ही म्हणालात, आणि उठून अंघोळीला गेलात. मला राग आला होता. माझ्या मार्गदर्शकांनी मला हे विचारलं नव्हतं.

आणीबाणी उठली त्या वर्षी शाळेच्या वार्षिकांकासाठी तुम्ही या स्फोटांवर लेख लिहिलात. माझ्या पत्रांतून माहिती गोळा केलीत, मोत्यासारख्या अक्षरांत आठ पानं काढलीत आणि तपासायला मला पाठवलीत. तुम्ही, जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या तपासलेले. मी लाल पेन्सिल घेतली. तुमच्याकडूनच शिकलेल्या खुणा, तुमच्यावर चालवल्या. जिथे व्याकरणातला स्फोट आला तिथे समासात लिहिलं, ‘हा तो स्फोट नव्हे’. तिसऱ्या पानावर एक लांब परिच्छेद कापसाचा होता. त्यावर तिरकी रेघ मारली आणि बाजूला ‘असंबद्ध’ लिहिलं. पाकीट त्याच दिवशी टपालात टाकलं, कारण मला धूमकेतूकडे परत जायचं होतं.

तुमचं पोस्टकार्ड आलं. ‘सुधारणा मिळाल्या. योग्य आहेत.’ बस. मी घर सोडल्यापासून तुमच्या प्रत्येक कार्डाच्या कडेला एक सामासिक शब्द असे, विग्रह करून पाठव म्हणून. त्या कार्डाच्या कडेला काही नव्हतं. माझ्या ते लक्षात आलं, बाबा. आणि मला बरं वाटलं, की चला, एक काम वाचलं.

पौषात तार आली. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेराव्याला मुख्याध्यापक ताजा वार्षिकांक घेऊन आले. म्हणाले, गुरुजींचा लेख फार शास्त्रीय झाला हो, आम्हाला वाटलं होतं थोडी मजा असेल. मी तो उभ्यानेच वाचला. वर नाव तुमचं होतं आणि खाली एकही वाक्य तुमचं नव्हतं. माझी प्रत्येक दुरुस्ती तुम्ही मान्य केली होती. जिथे मी काही खोडलं नव्हतं, पण तुमचा आवाज येत होता, तिथलंही तुम्ही स्वतःच काढून टाकलं होतं.

पाहुणे गेल्यावर आई म्हणाली, “थ्यो कापसाचा भाग मले वाचून दाखवलता त्यायनं. मंग काढला. मी म्हनलं, राहू द्या नं. तं म्हने, पोरीले आवडला नाई.”

मूळ पानं मी खूप शोधली. ती कोऱ्या बाजूसाठी फाडली गेली होती, तुमच्या नेहमीच्या सवयीने. दोन तुकडे सापडले, मागे पोरांसाठी संधीचे सराव लिहिलेले. तिसरं पान नव्हतं.

इकडे माझ्या धूमकेतूचं वय झालं आहे. आता काही लोक म्हणू लागले आहेत की हे स्फोट आपल्या शेजारचे नसतीलच, आपल्या आकाशगंगेच्याही पार पलीकडचे असतील. पण इतक्या दुरून इतका झोत यायचा, तर इवल्याशा जागेत इतका उजेड दाटेल की उजेडच उजेडाला अडवेल. किरणावर किरण आदळेल, त्यातून द्रव्य निपजेल आणि काहीच बाहेर पडणार नाही. त्यावर ते म्हणतात, तो गोळा आधी प्रचंड वेगाने फुगतो, विरळ होतो, आणि मग आत कोंडलेला उजेड एकदम सुटतो. ही मांडणी मी ग्रंथालयात उभी राहून वाचली आणि नंतर बराच वेळ बाहेर बाकावर बसले. तुमचं खरं निघालं असं मी म्हणत नाही. कुणाचं खरं, ते अजून कुणालाच ठाऊक नाही, आणि तुम्हीही अशा आयत्या विजयाला हसला असता. पण तुमचा प्रश्न असंबद्ध नव्हता.

म्हणून मला या लेखात तो परिच्छेद हवा आहे. तुमच्या नावाने, तुमच्या शब्दांत. गेल्या महिन्यात नालवाडीला जाऊन आईला विचारलं. ती म्हणाली, बोंडाचं होतं, आत दबून राहायचं होतं, आणि शेवटी काहीतरी लई चांगलं होतं, पन मले सांगता येत नाई व. मग म्हणाली, “तुले तं पाठ असन, तूच तपासला होता.”

मी हो म्हटलं.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून इथे लिहिते. मला तो पाठ नाही, बाबा. मी तो विसरलेही नाही. कापूस हा शब्द पाहिला, दोन ओळी वाचल्या आणि रेघ मारली. त्या परिच्छेदाचा पुढचा भाग मी वाचलाच नव्हता.