बारावी रांग

मस्कत, १० जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? आई अजून धुसफुसतेय, की ऑपरेशननंतर आणखी महिनाभर तरी हलायचं नव्हतं. तुम्ही खजूर उतरवायचं निमित्त काढून पळालात.

बातमी वाईट आहे. आमच्या संस्थेने आपल्या गावाबाहेर वाळूत लावलेली घाफची, आपल्या वाळवंटी झाडाची, रोपं करपली. आमची पद्धत ठरलेली: पंधरा दिवसांतून एकदा पाणी, यंदा मार्चपासून तेही बंद, म्हणजे मुळं पाणी शोधत खोल जातात. बाकी सगळ्या गावांत हे जमलं, आपल्याच गावात नाही. जागा मी निवडली होती. साहेब म्हणाले, की तू आजोळच्या मायेने जागा निवडलीस, माती बघून नाही. गुरुवारी, १९ तारखेला ते पाहणीला येतील. जागा चुकली असं मी लिहून द्यायचं आणि काम सोडायचं. गावाला पुन्हा रोपं नाहीत.

बकऱ्या शिरल्या, कुणी काही केलं, असं तुमच्या पाहण्यात आलं का?

आशीर्वादाच्या आशेवर,
झुवैना

हसैबा, १३ जून

चि. झुवैनास,
अनेक आशीर्वाद.

गुडघा बरा. खजूर पिवळे होऊ लागलेत. तुझं पत्र हाती आलं आणि माझा शाळेतला वर्गच डोळ्यांपुढे उभा राहिला. चौथीला घाफची कविता होती. पहिल्या बाकावरून तू ती एवढ्या मोठ्याने म्हणायचीस, की शेजारच्या वर्गातले गुरुजी भिंतीवर थापा मारायचे. आंधळं मूळ अंधारात चालत जातं आणि पाण्याच्या दारावर टकटक करतं, असं तिच्यात होतं. काय दिवस होते!

बकऱ्या मला दिसल्या नाहीत. उन्हाळाच यंदा कडक आहे. टॅक्सीवाल्याबरोबर हलवा पाठवतोय, आईला लपवून ठेवू देऊ नकोस.

तुझा,
खल्फानमामा

हसैबा, १६ जून

चि. झुवैनास,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

मागच्या पत्रात खोटं काही नव्हतं, पण खरंही नव्हतं. बकऱ्या नव्हत्या, मी होतो. वर्षभर रोज दिवस कलला की, असरच्या नमाजानंतर, माझ्या बागेच्या पाटाचं पाणी झारीत भरून मी तुझ्या रोपांना घालत होतो. एवढीशी रोपं आणि पंधरा दिवस तहानलेली, मला बघवेना. मुबारक उंटवाला हसायचा, की मास्तर, पोराला मिशा फुटेपर्यंत दूध पाजणार का? मी त्याला म्हणायचो, की मेल्या, तुला कविता कळत नाही. चाळीस वर्षं ती कविता मी शिकवली, आणि माझाच तिच्यावर विश्वास नव्हता.

एप्रिलमध्ये गुडघ्यासाठी तुमच्याकडे आलो आणि झारी परसात राहिली. दीड महिना तुझ्या हातची कॉफी प्यायलो, एक शब्द बोललो नाही. काल एक रोप उपटून पाहिलं. मुळं वीतभर, तीही वरच्या वर पसरलेली. रोज संध्याकाळी माझी वाट बघत बसलेली. मीही तिथेच बसलो.

तुझ्या बारा रांगांतली शेवटची, बारावी रांग टेकाडापलीकडे, इकडून न दिसणारी. तिथवर माझा गुडघा चालत नसे. ती हिरवी आहे, झुवैना. मुबारकने उंटावर बसवून नेऊन दाखवली. या वेळी तो हसला नाही.

तू काही लिहून देऊ नकोस. गुरुवारी मजलिसीत, गावाच्या बैठकीत, साहेबांपुढे मीच उभा राहीन. समोर बसतील ते सगळे माझे विद्यार्थी. त्यांच्याकडे बघवणार नाही, तेव्हा खाली बघून बोलेन.

माया आटू देऊ नकोस, एवढंच मागतो.
खल्फान

मस्कत, २३ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मजलिसीत बोलून कॉफीलाही न थांबता तुम्ही निघून गेलात, म्हणून पुढचं लिहिते. साहेबांनी टेकाडाच्या दोन्ही बाजूंना खणून पाहिलं. बाराव्या रांगेतलं मूळ कमरेइतकं खणलं तरी संपेना. जागा बरोबर ठरली. नोव्हेंबरात पुन्हा रोपं लागतील, आणि काम माझ्याकडेच आहे.

पण मान एकट्याने खाली घालू नका. गेल्या हिवाळ्यात रोपांपाशी ओल्या वाळूत तुमच्या काठीचे गोल ठसे मी पाहिले होते. मामांना कसं बोलायचं, म्हणून पाहून न पाहिल्यासारखं केलं. पहिल्या पत्रात आडून विचारलं, तेही त्यामुळेच. साहेबांना हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, की म्हणजे मामा-भाचीने मिळून अकरा रांगा मारल्या. मला तोंड वर करवेना.

लागवडीच्या दिवशी शाळेतली मुलं घाफची कविता म्हणणार आहेत. ताल तुम्ही धरायचा. झारी मात्र तुमच्या परसातून उचलून मी गाडीत टाकून आणली आहे. मागू नका.

रागावलात तरी पत्र पाठवत राहा,
झुवैना