नकाशावरची शांत वस्ती

४ तारीख, सोमवार

दंगलींचा अंदाज बांधणारं संगणकावरचं मॉडेल चाललं! गेल्या वर्षीची दंगल त्यात घातली, तर ती कुठून कुठे पसरली हे जवळजवळ बरोबर सांगितलं. हाणामारी गोवरासारखी असते — एका गल्लीत मार बसला की शेजारच्या गल्लीला लागण. सर चक्क हसले! "गुरुवारी पोलिसांच्या साहेबांना नकाशा द्यायचा. गाड्या कुठे उभ्या करायच्या ते त्यावरून ठरवणार आहेत."

५, मंगळवार

मावशीचा फोन. कालव्यापलीकडे परवा पुन्हा दगडफेक झाली. तिच्या शिवणाच्या दुकानाची काच गेली. नकाशा उघडून पाहिला — तिची वस्ती पांढरीशुभ्र. शून्य.

"तक्रार दिलीस?"

"चौकीवर? वेडी आहेस का गं! तिथं गेलं की आपलीच उलटतपासणी."

मी त्याच वस्तीत वाढले. मला हे ठाऊक नव्हतं थोडंच! मॉडेलला सगळी माहिती तक्रारींतून मिळते. तक्रार नाही तिथे मी शून्य भरलं. 'माहीत नाही' भरायला हवं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

६, बुधवार

सरांना सांगितलं. अर्धवटच. "पुढच्या खेपेला दुरुस्त करू. उद्याचा दिवस हुकला तर तेलही गेलं नि तूपही गेलं." मी मान डोलावली. मावशीचं नाव काढलं नाही. घरचं माणूस आहे म्हणून गळा काढते, असं वाटलं असतं त्यांना... छे, खोटं कशाला लिहू? नकाशावर पहिलं नाव माझं आहे. मला तो द्यायचाच होता.

७, गुरुवार

दिला. टाळ्या.

११, सोमवार

नकाशा बघून कालव्यापलीकडची पोलिसांची गाडी शनिवारी दुसरीकडे हलवली. काल जमाव आला. दुकान जळालं. लोकांचे शिवायला आलेले कपडे वाचवायला मावशी आत शिरली — दोन्ही हात भाजले.

मावसभाऊ दवाखान्याच्या जिन्यात बसला होता. "ताई, गाडी का काढली त्यांनी?"

"माहीत नाही," म्हणाले मी. त्याच्या तोंडावर!

संध्याकाळी सरांचा फोन. साहेब खूश आहेत. अंदाज अचूक — त्या भागातून एकही तक्रार नाही.

१२, मंगळवार

भाऊ सकाळपासून बेपत्ता. फोन बंद. त्याच्या मित्रांचेही. सूड उगवायला निघालेले कुठे जातात ते मॉडेलने दाखवलंय — पुलाजवळचा बाजार. साहेबांना फोन लावला. बाजार सांगितला. भावाचं नावही सांगितलं.

मावशी मघापासून विचारतेय, "आला का गं तो?"