मेंदीची छाटणी आणि सकाळचं ऊन

१४ ऑक्टोबर
दसरा झाला. आता थंडी पडंल. डॉक्टर म्हणले, गुडघ्याला कोवळं ऊन द्या. पण माझ्या अंगणात सकाळी नुसती सावली. सगळा दोष कडंच्या कुंपणाच्या मेंदीचा. माणसाच्या वर गेलीय. मेंदीपलीकडं धाकटी जाऊ, बबिता. दोन वर्षं अबोला. नारायणगडाच्या जत्रेला मला सोडून जीप भरून गेली. जीव गेला तरी आधी मी बोलणार न्हाई. मेंदी मात्र उद्याच छाटणार.

१९ ऑक्टोबर
उद्या म्हणलं होतं, टाइम न्हाई भेटला. आज पाटोद्याहून कात्री आणली. दुकानातले वाहेदभाई म्हणले, भाभी, थोडं थोडं कापा. मला शिकवतेत! छाटणीचा व्हिडिओ दोनदा बघितलाय मी.

२० ऑक्टोबर, सकाळ
सुरू केलं. रेघ डावीकडं उतरली. म्हणून उजवी कमी केली. मग डावी उंच दिसाया लागली.

दुपार
कमरेइतकी राहिली. मालक म्हणले, न्हावी बी इतकं बारीक करत न्हाई. म्हणलं, तुमच्या डोक्यावर काय उरलंय ते बघा आधी.

२१ ऑक्टोबर
लेव्हल झाली. गुडघ्याइतकी. हिवाळ्याला हेच बरोबर. आता भांडी घासताना बबिता थेट समोर. मी मान फिरवली. तर ती शेळीला मोठ्यानं म्हणती, बघ गं, लोक आपल्यासाठी किती राबतेत! टोमणा काही कळला न्हाई. अडाणी बाई.

१२ नोव्हेंबर, सकाळी नऊ
थंडी पडली. उन्हाला अंगणात आले, तर सावली तशीच. टोमणा कळला. अंगणाच्या उगवतीला माझंच घर. सावली घराचीच होती. मेंदीची सावली पडायची बबिताच्या अंगणात. आता तिथं ऊन लोळतंय अन् ती बाजेवर बसून शेंगा फोडती. मालक म्हणले, ऊन आणलंस, पण पत्ता चुकला. म्हणलं, मला आधीच ठाऊक होतं. धाकट्या जावेचा विचार थोरलीनंच करायचा असतो.

१४ नोव्हेंबर
गुडघा लई ठणकला. मेंदी ओलांडून गेले. बोलायला न्हाई, उन्हाला. ऊन काय तिच्या बापाचं हाय? बाजेच्या टोकाला बसले, तिच्याकडं पाठ करून. तिनं शेंगा फोडल्या, मी गुडघा चोळला. शेवटी ती म्हणली, बाई, जरा सरका की, तुमची सावली पडती माझ्यावर.
सरकले.
लिहून ठेवते. आधी ती बोलली.