नाव घातलेला डबा

माउंट रॉस्किल, ऑकलंड
मंगळवार, २० फेब्रुवारी २००७

ती. अक्का,

विभावरीचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? आईला झोप लागते का? आणि (हे अगदी सहज विचारते हं) आई अजून दर गुढीपाडव्याआधी फळीवरचे डबे उतरवून मोजते का? इकडे सगळे खुशाल, मी सोडून. सकाळपासून घरात इतक्या येरझाऱ्या घातल्यात की ममता सुनेच्या अधिकाराने म्हणाली, "आई, कार्पेट झिजेल हो." हे पत्रही तिसऱ्यांदा उठून पुन्हा लिहायला बसले आहे, कारण मधूनमधून कॉम्प्युटरपाशी जाऊन आईचा डबा कुठवर पोचला ते पाहावं लागतं.

हो, आईचा डबा. तोच, तुझ्या लग्नात मामाने आईला दिलेला, झाकणावर 'सौ. मनोरमा' आणि खाली १२-५-७२ कोरलेला. तू आईला न विचारता त्यात मेतकूट भरून देवव्रतच्या ऑफिसातल्या जगदीशबरोबर पाठवलास (दोष देत नाही, फक्त आठवण करून देते) आणि मी दहा मार्चला येताना परत आणायचा असं आपलं ठरलं. अठरा दिवस उरलेत. डबा नाही.

झालं असं. इथे एक खेळ आहे. लोक रानात डबे लपवतात, त्यांचा ठावठिकाणा आकड्यांमध्ये इंटरनेटवर टाकतात, आणि दुसरे लोक हातात मुठीएवढं यंत्र घेऊन ते हुडकतात. सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथेच ठेवायचा. मी विचारलं, मग शोधला कशाला? देवव्रत म्हणाला, "आई, तोच तर गेम आहे." एवढा शिकलेला मुलगा, पण असो. गेल्याच्या गेल्या रविवारी आम्ही दोन तासांवरच्या एका खेड्यात गेलो. एक चर्च, एक डेअरी (इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात, मी उगाच दही मागितलं) आणि बाकी मेंढ्या. पायवाट कुणाच्या तरी शेतातून जाते, मधल्या कुंपणांवर चढायला लाकडी पायऱ्या आहेत. त्या मी साडी खोचून चढले. देवव्रत यंत्राकडे बघत पुढे, ममता त्याच्यावर वैतागत मागे, आणि मी नि सिद्धी सर्वांत शेवटी. यंत्र सांगत होतं उजवीकडे, तिकडे होता चिखल. देवव्रत त्यात पोटरीपर्यंत रुतला. तेवढ्यात सिद्धीला डावीकडच्या एका पोकळ ओंडक्यात डबा दिसला.

डबा कसला, तडा गेलेलं प्लास्टिकचं खोकं! आत पाणी, भिजलेली वही, एक गोटी आणि एक रबरी डायनासोर. सिद्धीने डायनासोर घेतला आणि म्हणाली, "आजी, टेक समथिंग, लीव्ह समथिंग! इट्स द रूल." अगं, हा नियम मला नऊ वर्षांच्या मुलीने शिकवायचा? लोकांच्या डब्यातलं घेतलं की आपण काहीतरी घालूनच परत करतो, आईने दुसरं शिकवलंय काय? देवव्रत तिकडे चिखलातून बूट उपसत होता. माझ्या पिशवीत आईच्या डब्यात बेसनाचे लाडू होते. त्या फुटक्या खोक्यात भिजत कसे ठेवणार? मी आख्खा डबाच ओंडक्यात ठेवला. अक्का, खरं सांग, तू तरी काय केलं असतंस? आपल्या आळीत नाव घातलेला डबा कधी हरवलाय का? लाडू खातील, डबा घासतील, आत चार लिंबं घालून आणून देतील. माझा असा ठाम हिशेब होता. पत्ता कोण शोधणार, हे मात्र डोक्यातच आलं नाही.

बुधवारी वेबसाइटवर कुणीतरी लिहिलं: येलो बॉल्स, हीप्स गुड, सगळे खाल्ले. स्टीलच्या डब्यावर गुप्त लिपी आहे, उलगडायला पोरिरुआला (हे गाव पार आमच्या बेटाच्या दक्षिण टोकाला) नेतो. मग पोरिरुआच्या पाच जणांनी मामाने कोरून घेतलेल्या तारखेवर गणितं मांडली. एकाचं उत्तर समुद्रात निघालं. देवव्रतने लिहिलं की तो माझ्या आजीचा डबा आहे, कृपया परत करा. उत्तर आलं, "स्वीट ॲज!" (इथे 'बरं, चालेल'ला असं म्हणतात.) पण तोवर एक सायकलवाला तो घेऊन बोटीत बसला होता. आता डबा दक्षिण बेटावर आहे. ज्या दक्षिण बेटावर नेतो नेतो म्हणून देवव्रत मला ऑक्टोबरपासून झुलवतोय, तिथे डबा माझ्याआधी पोचला. मला रडूही आलं आणि डब्याचा हेवाही वाटला. इथे मला बस कळत नाही, गाडी येत नाही, सगळे कामावर गेले की खिडकी आणि मी. आणि तो बघ.

(आत्ता पाहून आले. पिक्टनच्या पुढे एका पायवाटेवर, खांबाच्या पोकळीत आहे. एकाने लिहिलंय: रिकामा आहे, पण छान आहे.)

आईस साष्टांग नमस्कार सांग. भावोजींनाही.

तुझी,
विभा

ता. क. खरं काम हे. तांबट आळीतून तसाच डबा घे, तसंच नाव कोरून घे, थोडा पोचा पाड आणि पाडव्याच्या मोजणीआधी फळीवर ठेव. आईला काही कळता कामा नये.

ता. क. २. वरचं काही करू नकोस. पाकीट चिकटवायच्या आत फोन आला. तू नव्हेस, आई! तिने यंदा आधीच मोजले, आणि तुझ्याकडून मेतकुटापर्यंत सगळं काढून घेतलं म्हणे. मी एका दमात ओंडक्यापासून बोटीपर्यंत सांगून टाकलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गेला तर गेला. पण विभा, रिकामा तर फिरत नाही ना?"

मी म्हटलं, "नाही गं आई, भरलेला आहे."

तेव्हापासून बसवत नाहीये. देवव्रतला रजा टाकायला लावली आहे, शनिवारी आम्ही दक्षिणेला निघतोय. एकवीस लाडू वळून झालेत. डबा परत आणायला जात नाही, अक्का. भरून पुन्हा खांबात ठेवणार आहे. नाव आईचं आहे त्याच्यावर.