हे बाबांचं झालं

दादा,

काल दुपारी बाबांना टीव्हीसमोर बसवलं, बाथरूमला आतून कडी लावली आणि उलट्या बादलीवर बसून मोबाइलवर समुपदेशक बाईंशी बोलले. त्यांनी आधी विचारलं, "कशा आहात?" मी म्हटलं, "झोप लागली, पोट साफ झालं, गोळी मात्र थुंकून टाकली."

त्या म्हणाल्या, "हे बाबांचं झालं. तुमचं?"



आता दर आठवड्याला मी त्या बाईंशी बोलेन, तो तासभर व्हिडिओवर बाबांशी तू बोलायचंस. सबबी चालणार नाहीत. हे पत्र पाठवत नाही. वाचून तू नुसता हळहळशील. फोनच लावते. नेहमीसारखं "बाबा कसे आहेत?" विचारलंस, तर सांगेन, "त्यांनाच विचार. मी बरी नाहीये."

बादलीवरून उठलेली,
तुझी धाकटी